काटेरावाचा मूळ आवाज

५ जानेवारी, सकाळ

नव्या वर्षाचा पहिला दिवस. (एक ते चार धरत नाही. तेव्हा वर्ष नीट सुरू झालं नव्हतं.)

संकल्प: रोज आवाजाचा व्यायाम. थंड बंद. ओरडणं फक्त माइकसमोर. रोजनिशी थोडक्यात. स्वतःची स्तुती पूर्ण बंद. वस्तुस्थिती लिहायला हरकत नाही.

वस्तुस्थिती अशी, की कार्टूनमधल्या काटेराव या साळिंदराला पहिल्या भागापासून माझा आवाज आहे. साळिंदर काय, चित्र आहे. चित्र कुणीही काढेल. घाबरल्यावर त्याचा आवाज बारीक होतो आणि तरी तो फुशारक्या मारत राहतो, त्याला पोरं लोळून लोळून हसतात, ते माझं. रस्त्यात मला कुणी ओळखत नाही. एकदा वाण्याकडे काटेरावाच्या आवाजात साखर मागितली, तर म्हणाला, सर्दी झालीय का. असो.

आई ओळखते. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या भावाकडे असते. नजर जवळजवळ गेलीय, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. रोज संध्याकाळी टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसते आणि आल्यागेल्याला सांगते, हा आमचा धाकटा. मला भेटायला जायला फारसा वेळ होत नाही, पण रोज संध्याकाळी मी तिथे असतोच की.

९ जानेवारी

काटेरावाचा व्हिडिओ गेम येतोय. आज त्याचं रेकॉर्डिंग. आमच्या दिग्दर्शकाला सगळे 'अजूनएक' म्हणतात, कारण कितीही चांगला टेक दिला तरी काचेपलीकडून तो म्हणतो, छान, अजून एक घेऊ. गेममध्ये संवाद कमी, किंचाळ्या फार. काटेराव उडी मारतो, आपटतो, दरीत पडतो, बुडतो, भाजतो. प्रत्येक मरणाचे चार-पाच नमुने लागतात, नाहीतर खेळणाऱ्याला तोच तोच ओरडा ऐकून वीट येतो.

गर्दीताई आली होती. हे तिचं नाव नाही, काम आहे. बाजार, शाळा सुटणं, सभा उधळणं, असल्या ठिकाणी मागे जो कलकलाट लागतो तो ही बाई एकटी करते. काम बरं करते. पण ते मागचं. तिने आपणहून सल्ला दिला, की दादा, मोठ्या किंचाळ्या शेवटी ठेवा, आधी बारीकसारीक उरकून घ्या, मधूनमधून कोमट पाणी घ्या. मी हसलो. ताज्या घशाने मरण्यात जी मजा आहे ती शिळ्या घशाने नाही. म्हणून आल्या आल्या सगळी मरणं घेतली. अजूनएक 'अजून एक' म्हणत गेला, मी मरत गेलो.

घरी आल्यावर बायकोला हाक मारली, ती आलीच नाही. नंतर म्हणते, हाक मारलीस? हल्ली तिचं लक्ष नसतं.

१२ जानेवारी

आवाजाला वजन आलंय. बायको त्याला बसलेला आवाज म्हणते. फरक तिला कळत नाही. डॉक्टरकडे जा म्हणाली. मी तिला सविस्तर समजावून सांगितलं, की कलावंताचा घसा हा स्वतःच स्वतःला बरा करतो. निम्मं तिला ऐकू गेलं नाही.

व्यायाम उद्यापासून. बरा झाल्यावर केलेला जास्त फायद्याचा.

१७ जानेवारी, दुपार

आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा. नव्या भागाचं रेकॉर्डिंग. सकाळी थोडी खरखर होती, पण बूथमध्ये शिरलो की माझं सगळं बदलतं. आणि काय सांगू, अजूनएक एकदाही 'अजून एक' म्हणाला नाही! प्रत्येक वाक्य एका टेकमध्ये ओके. इतक्या वर्षांत हे कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. शेवटी काचेमागून म्हणाला, झालं, छान, बाकीचं आम्ही मिक्सिंगमध्ये बघतो. आवाज जड वाटला त्याचा. भारावला असणार.

गर्दीताई तिथेच कोपऱ्यात बसली होती. आज गर्दी नव्हती, तरी आली होती. हातात पेन्सिल, माझ्या प्रत्येक वाक्याला कागदावर खुणा करत होती. शिकू दे. माझी विद्या कुणाला तरी जायलाच हवी.

२८ जानेवारी

बायकोने धरून नेलं. घशाच्या डॉक्टरीणबाई. नाकातून एक बारीक कॅमेरा आत घातला आणि पडद्यावर माझा आवाज दाखवला. आवाज दिसायला अजिबात चांगला नसतो. दोन पट्ट्या असतात, त्यांच्यावर एकेक गाठ. गाठी साध्या आहेत म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, पण संपूर्ण मौन पाहिजे. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण पडतो. ऐकलं नाहीत तर ऑपरेशन करावं लागेल, आणि मग आवाज जसाच्या तसा परत येईल असं सांगता येत नाही.

मी विचारलं, किती दिवस. त्या म्हणाल्या, हे विचारलंत तेही बोलण्यातच आलं.

बाई तिखट आहेत. मौन सोमवारपासून. मधेच सुरू करण्यात अर्थ नाही.

३ फेब्रुवारी

मिठाची गुळणी धरली आहे. मुलीने तिची पाटी दिलीय, तिच्यावर लिहून दाखवतो. चौथीत आहे, पण माझ्या ऱ्हस्वदीर्घात चुका काढते. मी तिला रागावलो. (तेवढंच बोललो.) दूधवाल्याने पातळ दूध दिलं, त्याला रागावलो. (तेही आवश्यक होतं.) आंघोळीला गाणं आपोआप येतं, त्याला बोलणं म्हणता येणार नाही.

आईचा फोन आला. बायकोने सांगितलं, घसा धरलाय, बोलत नाही. आई म्हणाली, नुसतं हूं तरी म्हणू दे. मी हूं म्हणालो. पलीकडून आई म्हणाली, पुन्हा एकदा म्हण.

७ फेब्रुवारी

स्टुडिओतून बोलावणं. बायको म्हणाली, नाही म्हणून सांग. मी पाटीवर लिहिलं, काटेराव बंद पडेल. ती म्हणाली, पडू दे. आमच्या घरात कलेची कदर नाही, हे आज पाटीवर लिहावंसं वाटलं.

गेलो. बोललो. पुन्हा सगळं एका टेकमध्ये! वाक्याच्या शेवटी आवाज जात होता, पण तो मी घाबरण्यासाठी वापरून घेतला. रेकॉर्डिस्टने मान वर केली नाही. गर्दीताईने मला कोमट पाणी आणून दिलं आणि म्हणाली, दादा, थोडे दिवस घरी बसा ना, काटेराव कुठे पळून जात नाही. हिला काय ठाऊक. काटेराव मी आहे, आणि मी घरी बसलो तर तोही बसणार.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज थोडक्यात लिहिणं शक्य नाही.

आत्ताच तो भाग दाखवला. १७ जानेवारीचा. धुक्यात काटेराव आईपासून चुकतो तो. मी आजवर काम केलं असं समजत होतो, ती सगळी याचीच तयारी होती.

सुरुवातीला तो फुशारक्या मारतो, मी काय घाबरतोय होय. तिथे बोलण्याआधी त्याने आवंढा गिळलाय. इवलासा. कागदावर तो नव्हता. पण त्या एका आवंढ्यात सगळं कळतं, की हा घाबरलाय आणि कुणाला कळू द्यायचं नाहीये. पुढे तो सशाला खोटं सांगतो, की मला वाट माहीत आहे. तिथे चक्क हसू ऐकू येतं. दिसत नाही, ऐकू येतं. आणि मग त्या तीन हाका. पहिली, आपण स्वयंपाकघरात डोकावून मारतो तशी, सहज. दुसरीला थोडा राग, की ओ का देत नाहीस. आणि तिसरी जवळजवळ नाहीच, नुसता श्वास, कारण ओ येणार नाही हे त्याला कळलेलं आहे. चित्रात साळिंदर पाठमोरं उभं. तोंड दिसतच नाही. नुसता आवाज. मी रडलो. स्वतःच्या कामावर रडू नये, पण खरं ते लिहितो.

खरं म्हणजे हे असं केल्याचं मला आठवत नाही. चांगलं काम होताना माणूस शुद्धीवर नसतो. खरखरही पार गेलीय. नवीन माइक घेतला असेल.

मुलगी तिच्या आईकडे बघत होती. मी पाटीवर लिहिलं, कसा वाटला बाबा? ती म्हणाली, काटेराव छान होता. बायको भांडी घासायला उठली. भांडी घासून झालेली होती.

१६ फेब्रुवारी

आईचा फोन. फोन स्पीकरवर होता. आई बायकोला विचारत होती, खरं सांग, तो बरा आहे ना? काल टीव्हीवर दुसरंच कुणी बोलत होतं.

मला काय वाटलं ते लिहीत नाही. आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम, आणि सख्ख्या आईला ते परकं वाटावं! कान गेले म्हातारीचे. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, कानाचं मशीन घेऊन देऊ. बायकोने ते आईला वाचून दाखवलं नाही. नुसतं म्हणाली, बरे आहेत ते, काळजी करू नका.

२० फेब्रुवारी

गर्दीताई घरी आली, तब्येतीची चौकशी करायला. आता कुणाला काही द्यायचं तर हीच वेळ, म्हणून तिला समोर बसवलं आणि तो प्रसंग मोबाइलवर लावला. दर वाक्याला थांबवून समजावलं. मौन मोडलं, पण विद्यादानाला मौन लागू नसतं. तो आवंढा कसा घ्यायचा, हसू आवाजात कसं मिसळायचं, तिसऱ्या हाकेला आवाज कसा सोडून द्यायचा. म्हणालो, हे शिकवून येत नाही, ते आतून यावं लागतं. गर्दीत ते शक्य नसतं, तिथे माणसं सुटी नसतात.

ती खाली मान घालून ऐकत होती. एकदाच म्हणाली, मला वाटतं तिसऱ्या हाकेच्या आधी श्वास घेतलेला ऐकू येतो, तो नको होता. मी सांगितलं, तो श्वासच तर सगळं आहे, त्याला बोट लावू नकोस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, खरंच आवडलं तुम्हाला? मी म्हणालो, गेल्या कित्येक वर्षांत कुणाचं इतकं आवडलं नव्हतं.

चांगली मुलगी आहे. थोडी कष्टाळू. माझ्या हाताखाली राहिली तर छोटी पात्रं करू शकेल.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नंतर तिने गर्दीताईला जिन्यापर्यंत सोडलं आणि दोघी बराच वेळ खाली बोलत होत्या.

२७ फेब्रुवारी

स्टुडिओत गेलो होतो. वर्षातल्या उत्तम आवाजाला बक्षीस असतं, त्यासाठी तो भाग पाठवा म्हणून सांगायला. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. म्हटलं एकदा मागावं.

अजूनएक म्हणाला, बस. मग रेकॉर्डिस्टकडे बघून म्हणाला, ऐकव त्याला.

रेकॉर्डिस्टने दोन टेक लावले. आधी पहिला. गंजलेली कडी ओढावी तसा कुणीतरी आई म्हणत होतं. मी म्हटलं, हे कोण? तो म्हणाला, दादा, सतरा जानेवारी. मग दुसरा लावला. तोच, धुक्यातला, आवंढ्यासकट.

मी म्हणालो, माइक वेगळे असतील. तो म्हणाला, माइक तोच.

 काचेपलीकडे गर्दीताई काम करत होती. शाळा सुटत होती. एकटी बाई बूथमध्ये उभी, आणि माझ्या कानात सगळं पटांगण धावत होतं. त्यातलं एक पोर दप्तर विसरून परत फिरलं, तेही मला ऐकू आलं. इतकी वर्षं ती गर्दी माझ्या मागे होती, आणि मी ती कधी ऐकली नव्हती.

घरी आलो.

२८ फेब्रुवारी

बायकोला माहीत होतं. मुलीला पहिल्याच वाक्याला कळलं म्हणे. सगळ्यांना माहीत. मला सोडून. आणि मी त्या बाईला समोर बसवून तिचंच काम तिला.

नाही लिहीत.

२ मार्च

गर्दीताईचा फोन. बायकोने स्पीकरवर घेतला. ती सांगत होती, की मी माझं नाव लावू दिलेलं नाही, दादा बरे होईपर्यंत मी नुसती त्यांची जागा धरून बसलेय. बायकोने खुणेने विचारलं, घेतोस का? मी झोपल्याचं सोंग घेतलं. बसल्या बसल्या.

विचार केला तर माझ्यामुळेच ती इतकं करू शकली. पाया माझा. हे लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

११ मार्च

गाठी वाढल्या. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तरी. मी मान हलवली. हे मौन खरं आहे. यात कंस नाहीत.

२ एप्रिल

काटेरावाचा गेम बाजारात आला. मुलगी खेळत होती, मी मागे बसलो होतो. दरीत पडला. मी ओरडलो. म्हणजे तो ओरडला. त्या किंचाळ्या कुणी बदललेल्या नाहीत, सगळ्या माझ्या, त्या सकाळच्या ताज्या घशाच्या. काय आवाज होता!

मुलगी फार वाईट खेळते. पडली, बुडली, भाजली, पुन्हा पडली. एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, बंद करू? मी पाटीवर लिहिलं, खेळ.

२४ एप्रिल

बोलायला परवानगी. आवाज आला. स्वच्छ आहे, खरखर नाही. फक्त माझा नाही. खालच्या पट्टीतला, रुंद, एका पातळीवर चालणारा. डॉक्टरीणबाई खूश. बायको म्हणाली, भारदस्त वाटतो. मुलगी म्हणाली, बस येण्याची सूचना देतात तसा.

दुपारी स्टुडिओत गेलो. गर्दीताईनेच आग्रह धरला होता, की आधी दादांना विचारा. हेडफोनमध्ये तिची तिसरी हाक लावली, आणि तिच्यासारखी मारायची. काटेराव वाटायला हवा म्हणून मला आता तिच्यासारखं व्हायचं होतं. अजूनएक म्हणाला, छान, अजून एक. ऐकून इतका आनंद झाला, की पाठोपाठ कितीतरी मारल्या. प्रत्येक वेळी धुक्यात एक मोठा, पोटापाण्याला लागलेला माणूस आईला शोधत होता. वर चढायला गेलं की काहीच येत नाही, नुसती हवा.

मग काचेपलीकडे 'अजून एक' थांबलं. गर्दीताई बाहेर येऊन म्हणाली, दादा, पुढच्या महिन्यात होईल. मी तिला म्हणालो, आता नाव लाव. आणखी पुष्कळ सांगायचं होतं. ते तिला आधीच सांगून झालंय, घरी, समोर बसवून. फक्त तेव्हा ते मी स्वतःला सांगत होतो.

संकल्प: उद्या आईकडे जायचं. ऑपरेशन झाल्यापासून तिच्याशी फोनवरसुद्धा बोललेलो नाही. (उद्या नको. आवाज थोडा रुळू दे.)

३ मे

आज गेलो आईकडे. न कळवता, तिला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून. दार उघडंच होतं. वहिनी गच्चीवर कपडे काढायला गेली होती. आई टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसलेली. काटेराव चालू होता.

मी दारातून म्हणालो, काय, बरं आहे ना?

तिने मान वळवली आणि म्हणाली, पंखेवाले का? या, बसा. सून येईल इतक्यात. एवढं संपू दे, मग बघा पंखा.

टीव्हीचा आवाज फार मोठा होता. तिला नीट ऐकू गेलं नसणार. शिवाय मी दारात होतो, लांब. मी स्टुलावर बसलो. सांगणारच होतो, पण काटेराव नदी ओलांडत होता आणि आई ऐकत होती, मधेच कसं बोलायचं. ती हसली की माझाही चेहरा हसत होता. गर्दीताई चांगलं करत होती.

जाहिराती लागल्यावर आई माझ्या दिशेला वळली. म्हणाली, तुमची पोरं बघतात का हो हे? आधी माझा धाकटा करायचा. आता कुणी बाई करते. मग जरा पुढे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, बाई फार गुणी आहे, त्याच्यापेक्षा छान करते. पण तो भेटला कुठे तर सांगू नका हं, त्याच्या जिवाला लागेल.

मी मान हलवली. मग लक्षात आलं, तिला ते दिसत नाही. म्हणून म्हणालो, नाही सांगत.